मानाचा ठिपका

शेवरवाडीत भोपळ्याला कुणी बोट दाखवत नसे. कोवळ्या भोपळ्याकडे सरळ बोट केलं की तो कुजतो आणि देठातून गळतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दाखवायचाच झाला तर मूठ मिटायची आणि मुठीनं दाखवायचा. दुसरा नेम असा, की अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही. पहिला वार गड्याचा. गड्यानं विळ्यानं एक भेग पाडून दिली, की मग बाईनं खुशाल बसून फोडी कराव्यात. का, म्हणून विचाराल तर म्हातारी माणसं तुमच्याकडे अशी बघतील की विचारलं तेच चुकलं असं वाटावं. हे दोन्ही नेम आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण साळूबाईच्या वाट्याला जे आलं ते त्यांच्यावाचून उमगायचं नाही. तिला फसवणाऱ्यानं बाहेरून काही आणलं नाही. तिचंच तिला लावलं.

साळूबाई मूळची वेल्ह्याकडची. लग्न होऊन वेळवंडीच्या खोऱ्यात आली. भाटघरचं धरण भरलं तेव्हा नवऱ्याचं घर पाण्याखाली गेलं, आणि दोन वर्षांत नवरा कोंडिबाही तापानं गेला. दीर वरच्या अंगाला शेवरवाडीत राहायला गेला, त्याच्या वावराच्या बांधाला हिनं कुडाचं छप्पर घातलं. पोरबाळ नाही. वावर दिराच्या नावचं, छपराखालची जागा दिराच्या नावची, आणि ती स्वतः कोंडिबाच्या नावची. लोक तिला 'कोंडिबाची' म्हणत. माणूस मेला तरी त्याची मालकी चालूच, अशी ही गंमत. एकदा कसल्याशा कागदावर अंगठा उठवायची वेळ आली, तेव्हा कारकुनानं 'कोंडिबाची बायको' एवढंच लिहिलं आणि तिचा अंगठा शाईत दाबला. नाव विचारलंसुद्धा नाही. साळूबाईला ते लागलं. चाळिशीला आली तरी मनातून गेलं नव्हतं.

तिच्या छपरावर दर पावसाळ्यात डांगराचा, म्हणजे तांबड्या भोपळ्याचा वेल चढे. वेल सगळ्यांच्याच छपरावर असत, पण हिच्या वेलाला लागलेल्या भोपळ्यांवर पोपट असत, बैल असत, तुळशीवृंदावनं असत. ही कला तिनं माहेराहून आणली होती, आणि मुळात ती कला नव्हतीच, तो चोरांवरचा उपाय होता. वेल्ह्याकडं वेल एका छपरावरून दुसऱ्यावर जातात. मग भोपळा कुणाचा, यावरून सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरत. म्हणून साळूबाईची आई कोवळ्या भोपळ्यावर बाभळीच्या काट्यानं तीन रेघा ओढून ठेवी. ओरखडलं की चीक येतो, चीक वाळला की खपली धरते, आणि भोपळा वाढेल तशी ती खपलीही त्याच्याबरोबर वाढते. नखाएवढी खूण महिन्याभरात वितीएवढी होते आणि ती जन्मात पुसत नाही. आई म्हणायची, "खूण आपली तर फळ आपलं." आईच्या तीन रेघांचे लेकीनं पोपट केले, एवढाच काय तो फरक.

आता कुणी म्हणेल, बाईनं भोपळ्यावर पहिला वार करायचा नाही आणि ही काटा कसा लावते. साळूबाईनं त्याचा निकाल आपल्या मनाशी कधीच लावून टाकला होता. चिरणं निराळं, ओरखडणं निराळं. आत धार गेली तर चिरणं, सालीवर राहिली तर ओरखडणं. भाजीला भोपळा चिरायचा झाला की मात्र ती नेमानं गडी शोधायला निघे. सुगीच्या दिवसांत गडी सगळे वावरात. वाडीत दिवसाउजेडी सापडणारा गडी एकच, तो म्हणजे मास्तर.

मास्तर भोरचे. त्यांची बायको शैलजाबाई आणि दोन मुली भोरात, आणि हे चार इयत्तांची एक खोली घेऊन शेवरवाडीत. गावात मास्तरांना नाव नसतं. मास्तर म्हणजे मास्तर, मागचा गेला तोही मास्तरच होता. हे स्वभावानं मऊ होते, पोरांना फार मारत नसत, आणि बदली होऊन घरी जायला मिळावं यासाठी त्यांचा जीव तुटत असे. एकोणीसशे छत्तीस सालच्या दसऱ्याच्या सुमाराला साळूबाई डोक्यावर भोपळा घेऊन शाळेच्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "मास्तर, येवढा पयला वार द्या."

मास्तर विळा घेऊन बसले आणि थांबले. भोपळ्यावर एक बैल होता, गळ्यात घंटांची माळ होती, आणि शेपटीचा गोंडासुद्धा होता.

"हे कुणी काढलं?" त्यांनी बोट पुढं केलं.

"बोट मिटा आधी," साळूबाई म्हणाली. "पिकला असला तरी शिस्त ती शिस्त. म्या काडलं."

मास्तर हसले आणि मूठ मिटून म्हणाले, "तुम्ही काढलंत? साळूबाई, तुम्ही मोठ्या कलावंत आहात."

ह्या वाक्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्यांनी तिला तुम्ही म्हटलं. दुसरी म्हणजे साळूबाई म्हटलं. नाव त्यांनी कुणाकडून विचारून घेतलं होतं कोण जाणे. ती घरी गेली ती भोपळा तिथंच विसरून, आणि वाटेनं आपलंच नाव मनात दोनतीनदा म्हणून बघितलं. लहान पोरीला नवं लुगडं मिळावं तसं तिला झालं होतं, खोटं कशाला बोला.

तिथून शनिवारचा तास सुरू झाला. चित्रकलेला कागद नाही, रंग नाहीत, खडू मोजून मिळत. मास्तर म्हणाले, कागद नसेना का, भोपळे तर आहेत. पोरांना भोपळा माहीत होता तो पाटीवरचा, गणित चुकलं की मास्तर काढून देत तो. आता खरेच भोपळे घेऊन या म्हटल्यावर सगळी खूश. वीसबावीस पोरं, त्यात भिमा नावाची एकच पोर, पहिलीतली, आणि मधे साळूबाई पायाखाली गोणपाट घेऊन बसलेली. ज्याच्या त्याच्या मांडीवर ज्याच्या त्याच्या छपरावरचा भोपळा, हातात बाभळीचा काटा.

"काटा दाबू नका रं," ती सांगायची. "गुदगुल्या करायच्या त्येला. दाबला तर रडतूया, मग पानी गळतं."

गेनू नावाच्या पोरानं एकदा आपल्या भोपळ्यावर मोठाली टोपी आणि टोपीखाली मिशा काढल्या. सगळ्या वर्गानं तो कोण ते ओळखलं. मास्तरांनीही ओळखलं, मुठीनंच भोपळा दाखवून म्हणाले, "मिशा जरा जास्त झाल्या." वर्ग पोट धरून हसला आणि साळूबाईनं तोंडाला पदर लावला. दिवाळीच्या आधी एका पिकल्या भोपळ्याला मास्तरांनी वरून पहिला वार दिला, तिनं गर काढून तो पोकळ केला, आणि पोरांनी सालीतून आरपार पोपट कोरले. दारं लावून आत पणती ठेवली तेव्हा चारी भिंतींवर उजेडाचे पोपट बसले. पोरं इतकी गप्प झाली की छपराच्या पाखीतली चिमणी ऐकू येत होती. साळूबाईला वाटलं, आपण हितं आधीच यायला पायजे होतं.

पोरं तिला आत्या म्हणू लागली. मास्तर तिच्याजवळ घरचं बोलू लागले, शैलजाबाईंचं दम्याचं दुखणं, मुलींची आबाळ. ती कधी वाटीभर हुरडा देई, कधी घेवड्याच्या शेंगा. परका माणूस, परजातीचा, पण तिला सख्ख्या भावासारखा वाटायचा, आणि हे ती दिराच्या बायकोला बोलूनही दाखवायची. जाऊ म्हणायची, "शिकल्याली मानसं ग, कामापुरती गोड आसत्यात." साळूबाईला तिचा राग यायचा.

दुसऱ्या वर्षी श्रावणात मास्तर भोरहून बातमी घेऊन आले. पौषात भोरला शेतीच्या आणि हातकामाच्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. संस्थानच्या दरबारचे अधिकारी बक्षिसं देणार, आणि ज्याची वस्तू त्याचं नाव सगळ्यांसमोर पुकारणार.

"साळूबाई, एक असा भोपळा करा की भोरकरांनी तोंडात बोट घातलं पाहिजे."

ती म्हणाली, "त्येच्यावर माजं नाव घालू का?"

"नाव?"

"पोपट-बैल लई झाले. माजं नाव वाढावं त्येच्यावर. नुसतं साळूबाई. कोंडिबा नगं, दीर नगं. ते पुकारतील तवा म्या ऐकंन. एकदाच. मग मेले तरी चालंल."

मास्तर म्हणाले, "अहो, यात काय मोठंसं. मी अक्षरं लिहून देतो, तुम्ही कोरा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीच्या पानावर टाकानं मोठी अक्षरं लिहून दिली. साळूबाई निरक्षर होती, खुळी नव्हती. तिनं बोटांवर मोजून घेतलं, सा, ळू, बा, ई. चार. मग कागदावरची मोजली. चार. हिशेब जुळला. तरी तिनं पहिल्या अक्षराच्या डोक्यावरचा ठिपका बघितला आणि विचारलं, "ह्यो कशाचा?"

मास्तरांचा टाक हातातच होता. तो त्यांनी दौतीत बुडवला, पुसला, परत बुडवला.

"तो मानाचा ठिपका," ते म्हणाले. "मोठ्या माणसाच्या नावावर देतात."

मानाचा. कोंडिबाच्या बायकोला. साळूबाई कागद पदराखाली धरून तशीच उठून गेली.

भादव्यात वेलाला एक जोमदार फळ धरलं. तिनं बाकीची खुडून टाकली, सगळा रस त्या एकाला मिळावा म्हणून. फळ नारळाएवढं झाल्यावर कागद त्याला लावून काट्यानं कडेकडेनं टोचून घेतला, आणि मग टोचल्या खुणांवरून गुदगुल्या केल्यासारखा काटा फिरवला. अक्षरं बोटाच्या पेराएवढी. ठिपका सगळ्यात शेवटी, श्वास धरून. काम संपल्यावर तिनं कागद चुलीत घातला आणि भोपळ्यावर जुन्या लुगड्याचा पदर बांधला. कुणी बघायचं नाही, कुणी बोट करायचं नाही. पोरांना तर तिकडं फिरकायची बंदी. दोन महिने रोज सकाळी छपराला टेकवलेल्या शिडीवर चढून ती एकटीच पदर वर करून बघे. अक्षरं वाढत होती. आधी पेराएवढी, मग बोटाएवढी, मग तळहाताएवढी. तळाखाली तिनं पेंढ्याची गादी केली होती. पोर झालं नाही ह्या बाईला, पण पोराचं करतात तसं सगळं तिनं त्या भोपळ्याचं केलं. आणि ज्याचं केलं तो कुणाचा होता, हे तिला सांगणारं एकही माणूस त्या वाडीत नव्हतं, कारण तिनंच कुणाला बघू दिलं नाही. बोटाच्या भीतीनं ती तो झाकूनच ठेवणार, ह्याची मास्तरांना पक्की खात्री होती.

पौषात भोपळा गाडीत घालून भोरला नेला. पदर सोडला तो मांडवात, आणि तोही मास्तरांनीच. भोपळा केशरी, अंगठ्यानं ठोकला तर ठणठण वाजणारा, आणि त्यावर ती चार अक्षरं ठसठशीत, पांढुरकी, फुगून आलेली. माणसं वाकून वाकून बघत होती. साळूबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिली. तिनं न्हाणं केलं होतं, धुवट लुगडं नेसली होती, आणि कान एवढे टवकारले होते की कुणी शिंकलं तरी तिला आपलं नाव वाटे.

नावं पुकारायला लागले. हळदीचं झालं, घोंगडीचं झालं, एका बाईच्या गोधडीचं झालं. त्या बाईचं नाव स्वच्छ ऐकू आलं, आणि साळूबाई टाचा उंचावून उभी राहिली. आता आपलं. चष्मा लावलेले एक पोक्त अधिकारी भोपळ्याजवळ आले.

"वा," ते म्हणाले. "नावच उगवून आलंय की."

आणि त्यांनी सरळ बोट केलं. भोपळ्याला. पहिलं दुःख साळूबाईला त्या बोटाचं झालं, हे लक्षात ठेवा. बोट पहिल्या अक्षरावर टेकलं आणि अधिकारी पोरं वाचतात तसं एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले.

"गं. गा. ध. र."

चार अक्षरं, चारदा बोट.

"कोण हे गंगाधर?"

"मी," मास्तर पुढं झाले. "शेवरवाडीच्या शाळेचा शिक्षक."

टाळ्या झाल्या. साळूबाईनं हातांची बोटं मोजली. सा, ळू, बा, ई. पुन्हा मोजली. मग ती माणसांना ढकलत पुढं गेली आणि म्हणाली, "त्यो माजा हाय." आवाज मोठा नव्हता, पण अधिकाऱ्यांनी वळून बघितलं. मास्तरांनीही बघितलं. तोंड जरा उतरलं त्यांचं, पण क्षणभरच.

"ही आमच्या वाडीतली बाई," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "वेलाला पाणीबिणी हिनंच घातलं. मेहनती आहे बिचारी."

ही. हिनं. सव्वा वर्ष तोंडात असलेलं तुम्ही भोरच्या मांडवात कुठं गेलं कुणास ठाऊक. अधिकाऱ्यांनी "छान, छान" म्हटलं आणि शिपायानं तिला हातानंच मागं सारलं. मास्तरांच्या खांद्यावर शेला पडला. लोक म्हणतात भ्रमाचा भोपळा फुटला. हिचा फुटलासुद्धा नाही. तो सगळ्यांदेखत मेजावर टणक बसून राहिला, तिनंच कोरलेलं परक्याचं नाव अंगावर घेऊन.

येताना गाडीत मास्तर नव्हते, ते भोरला घरी राहिले. भोपळा मात्र त्यांनी परत पाठवला होता, "भाजी करा म्हणावं." साळूबाई त्याला टेकून बसली आणि भाटघरच्या पाण्याच्या कडेनं जाताना सगळा वेळ रडली. तिच्या मनात एकच येत होतं. कारकुनानं नाव विचारलं नव्हतं. ह्यानं विचारलं होतं. कारकुनानं लुटलं नाही, ह्यानं केसानं गळा कापला. जाऊ खरं बोलत होती, आणि तेही तिला सहन होईना.

सोमवारी ती भोपळा डोक्यावर घेऊन शाळेत गेली. पोरं जमिनीवर रांगेनं बसली होती. तिनं भोपळा मास्तरांच्या मेजावर ठेवला. पुढच्या रांगेतली दोनतीन पोरं सवयीनं एका सुरात वाचून मोकळी झाली, "गंगाधर." मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ती गप्प झाली.

"मास्तर," ती म्हणाली, "ही अक्षरं माजी न्हाईत."

मास्तर आवाज खाली करून बोलले. "साळूबाई, समजून घ्या. वस्तू शाळेची म्हणून गेली. माझ्या बदलीचं बघताहेत आता. घरची परिस्थिती तुम्हाला ठाऊकच आहे."

"मला इचारायचं व्हतं."

"विचारलं असतं तर कोरलं असतंत का?"

"कोरलं असतं की," साळूबाई म्हणाली. "तुमचं नाव हाय म्हनून सांगितलं असतं, तर तुमचं म्हनून कोरलं असतं. तुमच्या पोरींसाठी. ठिपक्यासकट."

माणसाला बोलायला काही राहिलं नाही की तो चिडतो. मास्तर ताडकन उठले. पोरांकडे बघून, जणू धडा सांगताहेत अशा आवाजात म्हणाले, "आणि काय हो, भोपळ्याला पहिला हात गड्याचा, ही तुमचीच रीत ना? कागदावर अक्षरं कुणी काढली? मी. पहिला हात माझा. तुमच्याच रीतीनं वस्तू माझी होते. उगाच कांगावा नको."

साळूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती हिशेब घालत होती, ओरखडणं आणि चिरणं ह्यांचा घातला होता तसाच.

"म्हंजी ह्येला पयला हात तुमचा लागलाय," ती म्हणाली.

"हो."

"पोरांनू, ऐकलं न्हवं? गड्याचा हात लागून गेलाय म्हनत्यात." मग ती भिमाकडं वळली. "भिमे, कोपऱ्यातला त्यो इळा आन."

भिमानं विळा आणून दिला. साळूबाई भुईवर बसली, भोपळा पायांच्या मधे धरला, आणि जन्मात पहिल्यांदा अख्ख्या भोपळ्यात विळा घातला. विळ्या-भोपळ्याचं नातं म्हणतात ते वैर कसं असतं, ते तिला तेव्हा कळलं. साल कडकन मोडली आणि भोपळ्याची दोन शकलं झाली.

भिमा वाकून बघत होती. वाचायला नुकतंच यायला लागलेल्या पोराला दिसेल ते वाचल्याशिवाय राहवत नाही. "आत्या," ती म्हणाली, "ह्या फोडीवर 'गंगा' हाय. आन् ह्या फोडीवर नुसतं 'धर' ऱ्हायलंय."

"असं व्हय," साळूबाई म्हणाली. तिनं ती दुसरी फोड उचलली आणि मास्तरांच्या पुढं केली. "मग धरा."

एक पोरगं फिसकन हसलं आणि लगेच गप्प बसलं. मास्तरांनी फोड धरली नाही. तिनं ती मेजावर ठेवली, फोडीचा रस हजेरीच्या वहीवर उतरला. साळूबाईनं बिया तेवढ्या ओंजळीनं काढून पदरात बांधल्या आणि ती ओट्यावरून खाली उतरली. मागं वळून बघितलं नाही, पण वाटेत एका पायरीवर बसून राहिली. तिला विजय-बिजय काही वाटला नाही. एक चांगलं माणूस होतं तिला, ते गेलं होतं.

महिन्याभरात मास्तरांची भोरला बदली झाली. जाताना ते तिच्या छपरापर्यंत आले होते म्हणतात, आणि बाहेरूनच परत गेले. शनिवारचा तास बंद पडला.

मग चैत्रात साळूबाई भिमाला म्हणाली, "मला चार अक्षरं शिकीव. जास्ती नगंत, माजीच." भिमानं सारवलेल्या भुईवर बाभळीच्या काट्यानं ती काढून दाखवली. साळूबाईला सगळ्यात नवल वाटलं ते काने दोन आहेत ह्याचं. सा-ला एक आणि बा-ला एक. त्या कागदावर एकच उभा दांडा जास्तीचा होता, हे तिला आठवलं. तेवढं जरी तेव्हा कुणी सांगितलं असतं. तिनं त्या चार अक्षरांवर अख्खा उन्हाळा घालवला. अंगण सारवायचं, लिहायचं, परत सारवायचं.

"आत्या, तुज्या नावावर टिंब न्हाई," भिमा एकदा म्हणाली. "त्यो 'गं'चा व्हता. मानाचा-बिनाचा कायबी नसतो."

"ठावं हाय मला," साळूबाई म्हणाली.

त्या पावसाळ्यात राखलेल्या बियांचा वेल छपरावर चढला. भादव्यात फळ धरलं. तिनं कागद घेतला नाही, कुणाला विचारलं नाही, पदरही बांधला नाही. उघड्यावर ओरखडलं आणि उघड्यावर वाढू दिलं. येणारे-जाणारे मूठ मिटून एकमेकांना दाखवत. वाडीत वाचता येणारं माणूस थोडं, पण जी चारदोन पोरं होती ती छपराखालून जाताना मोठ्यानं वाचून जात, आणि साळूबाई कुठंही असली तरी कान देऊन ऐकत असे. पुकारणं झालं ते असं, शेंबड्या पोरांच्या तोंडून, बिनशेल्याचं.

नवे मास्तर कुंडलिकराव किकवीकडचे, शेतकऱ्याच्याच घरचे. ते एके दिवशी शाळा सुटल्यावर छपरापाशी थांबले आणि मान वर करून बघत राहिले. साळूबाई दारात भात पाखडत होती.

"आत्याबाई, झकास काम झालंय," ते म्हणाले. "फक्त एक चुकलंय बघा. 'सा'वर हे टिंब पडलंय. सांळूबाई झालंय त्याचं." आणि दाखवायला म्हणून त्यांनी बोट वर केलं.

साळूबाई सूप ठेवून उठली, पुढं आली आणि तिनं त्यांचं ते बोट आपल्या हातानं हळूच मिटवलं.

"चुकलं न्हाई," ती म्हणाली. "त्यो मानाचा ठिपका हाय. ज्येनं सांगितला त्यो लबाड व्हता. पर जपला म्या हाय."